शेवटच्या कडव्यातले नाव

महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांवर शक्ती-तुऱ्याची बारी उभी राहिली की रात्र कधी सरते ते कळत नाही. मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती पायात चाळ बांधलेल्या पोरांचा फेर. आधी गण, मग गवळण, मग खरी जुंपते ती सवालजवाबांना. शक्तीवाला पुराणातले एखादे अवघड कोडे टाकतो, तुरेवाला ते फोडून उलटे त्याच्याच अंगावर पाठवतो. हे सगळे चालू असताना प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात एक गोष्ट ठरल्यासारखी येते. शाहीर गुरूचे नाव घेतो, मग स्वतःचे, मग गावाचे, आणि श्वास पुरला तर वाडीचेही.

नवख्याला ही आत्मप्रौढी वाटते. वास्तविक तो पत्ता असतो. गाणे आवडले तर पुढच्या वर्षीची सुपारी द्यायला कुठे यायचे, हे ऐकणाऱ्याला त्यातून कळते.

कलेवर जगू पाहणाऱ्या तरुणांना हल्ली व्याख्यानांतून आवड, ध्येय आणि चिकाटी ही तीन औषधे पाजली जातात. औषधे वाईट नाहीत. पण या मुलखात जे कलेवर जगले, निदान जगायची धडपड करून गेले, त्यांनी आणखी एका गोष्टीची काळजी घेतलेली दिसते. आपल्या कामात आपल्या नावाला जागा कुठे सापडेल, हे ते बघत राहिले. ती जागा प्रत्येक काळात वेगळी होती. कधी ती दगडात मिळाली, कधी पोथीत, कधी यमकात. तिचा माग काढत गेले की सह्याद्रीच्या पायथ्याशी दोन हजार वर्षांमागे जाऊन पोचायला होते.

मुंबईहून गोव्याकडे जाताना महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. बौद्ध भिक्षूंच्या ओवऱ्या, पाण्याची टाकी, चैत्यगृह. तिथल्या ब्राह्मी लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या दान दिल्याची नोंद आहे. महाडजवळच कोलची लेणी आहेत. तिथेही दात्यांचीच नावे. पैसे कोणी दिले ते कळते. वर्षानुवर्षे छिन्नी कोणी चालवली, याबद्दल भिंती गप्प. यात अन्याय पाहायचा मोह होतो, पण त्या काळी दान हेच पुण्य होते आणि लेख हा त्या पुण्याचा हिशेब होता. कारागिराला मजुरी मिळाली, तिथे व्यवहार मिटला.

पण याच रायगड जिल्ह्यात, वर कर्जतकडे, कोंढाण्याच्या लेण्यांत एका कारागिराने हा नियम मोडला. चैत्याच्या दर्शनी भागात एका मोठ्या मूर्तीचे मस्तक शिल्लक आहे आणि त्याच्या शेजारी ब्राह्मीत कोरले आहे की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. एवढेच. त्यात राजाचा उल्लेख नाही की दानाचा. गुरूचे नाव, स्वतःचे नाव आणि काम. बारीतल्या शेवटच्या कडव्याचा सांगाडा इसवी सनाच्या आधीच तयार होता असे म्हणायचा मोह मी आवरतो, कारण बलकापासून आजच्या शाहिरापर्यंत अखंड साखळी दाखवता येत नाही. परंपरा मध्ये तुटल्या, धर्म बदलले, राज्ये गेली. गरज मात्र तीच राहिली, आणि गरज तीच असली की माणसे पुन्हा पुन्हा त्याच उपायाशी येऊन पोचतात. कोणाच्या हाताखाली शिकलो हे सांगितले की कामाची प्रत न बघताही कळते. आज त्याला बायोडेटा म्हणतात.

मधली दीड हजारांहून अधिक वर्षे ओलांडून सतराव्या शतकात येऊ, कारण महाडच्या परिसरात लिहिणाऱ्या-घडवणाऱ्या माणसांची एवढी गर्दी त्यापूर्वी नव्हती. बारसगावजवळच्या शिवथर घळीत रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणांनी तो लिहून घेतला, असे समर्थ संप्रदाय मानतो. ही जागा नेमकी कुठली ते १९३० मध्ये धुळ्याच्या शंकरराव देवांनी शोधून काढले. जांबच्या नारायण सूर्याजी ठोसराने आपले नाव टाकून दासाचे नाव घेतले, आणि तेच नाव ग्रंथभर फिरले. मला अप्रूप वाटते ते कल्याणांचे. सांगणाऱ्याच्या बरोबरीने लिहून घेणाऱ्याचे नाव टिकावे, हे आपल्याकडे फार क्वचित घडते.

त्याच डोंगररांगेत वर रायगड. किल्ला महाड तालुक्यात, पायथ्याला पाचाड. गडावरच्या जगदीश्वराच्या देवळात एक संस्कृत शिलालेख आहे. वापी, तळी, उद्याने, मार्ग, हत्तीशाळा, राजवाडे अशी बांधकामांची यादी त्यात आहे, शके १५९६ चा काळ आहे, आणि शिवाजी महाराजांच्या आज्ञेने हे सारे उभारणारा म्हणून हिरोजीचे नाव आहे. सरकारी कामात वास्तुविशारदाचे नाव आले, हीच मोठी गोष्ट. पण हिरोजी इंदुलकर तेवढ्यावर थांबला नाही. देवळाच्या पायरीवर त्याने मराठीत आणखी एक छोटी ओळ कोरवली. सेवेला तत्पर असलेला हिरोजी, असा तिचा आशय.

गडावरचे गाइड इथे एक गोष्ट सांगतात. महाराज दूर असताना पैसा संपला, हिरोजीने घरदार विकून काम पुरे केले, आणि बक्षीस काय हवे असे विचारल्यावर महाराजांच्या पायाची धूळ लागेल अशा पायरीवर नाव कोरायची परवानगी मागितली. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होतात. गोष्टीला कागदाचा आधार नाही. पण बांधणाऱ्याचे हप्ते मागाहून येतात, आणि तोवर त्याच्या पदरचे जाते, हे सतराव्या शतकात काही वेगळे असेल असे वाटत नाही.

लोक त्या पायरीत नम्रता पाहतात. मला त्यात कसलेला व्यवहार दिसतो, आणि तो कमी दर्जाचा मुळीच नाही. संस्कृत लेख भिंतीवर आहे, तो पंडितांसाठी. पायरीवरची ओळ मराठीत आहे आणि देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर आपोआप खाली जाते. संस्कृत न येणाऱ्यालाही दिसेल अशी जागा हिरोजीने निवडली. राज्याभिषेकाच्या वर्षी त्या गडावर काय काय दिपवणारे असेल! आज सिंहासन नाही, छत्र नाही, वाड्यांचे चौथरे तेवढे उरले आहेत. पायरी आहे.

रायगडावरून खाली उतरून महाड गाठले आणि दक्षिणेला महामार्गाने निघाले की पोलादपूर लागते. इथून आंबेनळी घाट प्रतापगड-महाबळेश्वराकडे चढतो. या पोलादपुरात एका व्यावसायिक कवीची समाधी आहे. व्यावसायिक हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कवींद्र परमानंद मूळचे नेवाशाचे, संस्कृतचे जाणकार, आणि शिवाजी महाराजांचे चरित्र काव्यात लिहायचे काम त्यांच्याकडे होते. ते काव्य म्हणजे शिवभारत. कवींद्र ही पदवीही या नोकरीतूनच मिळालेली.

या नोकरीत केवळ दौत-लेखणी नव्हती. १६६६ साली महाराज आग्र्याला गेले तेव्हा परमानंद तिकडे होते. जयपूर दरबारच्या राजस्थानी पत्रांत महाराजांनी कवीश्वराला हत्ती, घोडा आणि पोशाख दिल्याचा उल्लेख सापडतो. एखाद्या कवीचे मानधन त्रयस्थाच्या पत्रव्यवहारात नोंदले जावे, अशी उदाहरणे मराठी वाङ्मयात बोटावर मोजण्याइतकी. आता त्याची दुसरी बाजू. महाराज निसटले आणि परमानंद वाटेत दौशाजवळ मिर्झाराजांच्या माणसांच्या हाती लागले. हत्ती घेऊन चाललेला कवी लपणार कुठे? आश्रयदात्याचे नशीब फिरले की कवीचेही फिरते, एवढा धडा त्या प्रवासात त्यांना पुरेपूर मिळाला असावा.

शिवभारत अनुष्टुभ छंदात आहे. काशीच्या पंडितांनी विचारले आणि कवीने सांगितले, अशी त्याची मांडणी. अफजलखानाचे प्रकरण त्यात विस्ताराने येते, आणि ते जिथे घडले तो प्रतापगड पोलादपूरच्या माथ्यावरच आहे. संकल्प लाख श्लोकांच्या संहितेचा होता. हाती लागले ते एकतीस अध्याय आणि बत्तिसाव्याचा तुकडा. कथा १६६१ च्या सुमारास शृंगारपूरच्या मोहिमेजवळ तुटते. राज्याभिषेक, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तो काव्यात आलाच नाही. काव्य पुढच्या पिढ्यांनी चालवले, परमानंदांच्या नावाचा मठ पोलादपुरात राहिला, आणि मूळ पोथी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीशी झाली.

ती सापडली तंजावरला. भोसल्यांच्या त्या दुसऱ्या गादीने ग्रंथ जपले होते, आणि शिवभारताचे तमिळ रूपांतरही तिकडे झाले होते. सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरच्या पोथीवरून संपादन केले आणि १९२७ साली ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडून बाहेर आले. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, कवी कोण हे ओळखायला अडचण पडली नाही. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी समाप्तीच्या वाक्यात परमानंदाने निधिवासकर, म्हणजे नेवासकर, असे सांगत आपले नाव ठेवले होते. एक पान फाटले तर दुसऱ्यावर, दुसरे गेले तर तिसऱ्यावर. इतक्या वेळा नाव लिहिणारा माणूस भोळा नसतो.

परमानंदांचे गिऱ्हाईक पंडित होते. तीच प्रतापगडची लढाई गावच्या चावडीपुढे सांगणारा वेगळा माणूस होता, अज्ञानदास किंवा अगिनदास नावाचा शाहीर. त्याचा अफजलखानवधाचा पोवाडा हा उपलब्ध मराठी पोवाड्यांत सर्वांत जुना समजला जातो. या पोवाड्याच्या शेवटी शाहिराने नावाशेजारी मानधनच गाऊन ठेवले आहे. जिजाबाईंनी पोवाडा करवून घेतला आणि त्याबद्दल एक घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, असे तो सांगतो. ज्यांनी हा पोवाडा करवून घेतला त्या जिजाबाईंची समाधी रायगडाच्या पायथ्याला पाचाडला आहे.

शेरभर सोने खरे की शाहिरी, हा वाद घालणारे घालोत. मुद्दा असा की पुढच्या दात्याच्या कानावर भाव पडला पाहिजे. लढाई संपली, खान पडला, लोक भारावलेले आहेत, आणि नेमक्या त्या क्षणी शाहीर सांगतो की अशा कामाला मागे काय मिळाले होते. याला हावरेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा दहा माणसांचा फड पावसाळाभर पोसून दाखवावा.

अभंगातही शेवटी नाव येते. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. शाहिराने ती रीत तिथूनच उचलली असेल. पण संत नाव घेतो ते स्वतःला देवाच्या पायाशी ठेवून, आणि शाहीर घेतो ते श्रोत्यांच्या समोर उभे राहून. संताला पुढची सुपारी नको असते.

पोवाड्यातले नाव टिकले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. पोवाडे लिहून ठेवलेले नव्हते. गोंधळी आणि शाहीर ते पाठ म्हणत. लढाईतली नावे बदलत, आकडे वाढत, प्रसंग मागेपुढे होत. पण कवीचे नाव यमकात बसवलेले असले तर ते काढताच येत नाही. काढले की ओळ लंगडी पडते आणि साथीदारांची झील चुकते. हिरोजीला दगड लागला, परमानंदाला कागद आणि लेखनिक लागले. शाहिराने काहीच खर्च न करता तालालाच पहारेकरी नेमले. या पहाऱ्यात एक भगदाड होते, तेही सांगायला हवे. मूळ कवीच्या नावाइतक्याच मात्रांचे दुसरे नाव मिळाले तर गाणे बिनबोभाट दुसऱ्याचे होऊ शकते. बारीत आजही ‘आमचे गाणे चोरले’ ही तक्रार ऐकू येते ती उगाच नाही. म्हणून गुरूचे नाव, म्हणून गाव, म्हणून वाडी. सगळीच नावे एका मापाची मिळणे कठीण.

पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तानाजीवरचा प्रसिद्ध पोवाडा तुळशीदास शाहिराचा. १६७० च्या फेब्रुवारीतल्या सिंहगडच्या लढाईची गोष्ट आज आपल्याला जशी माहीत आहे, तशी ती मुख्यतः त्याने रचली आहे. रायबाचे लग्न, प्रतापगडावरून कोंढाण्याकडे, म्हणजेच सिंहगडाकडे, गेलेली जिजाबाईंची नजर, सोंगट्यांचा डाव, दोर लावणारी घोरपड, आणि खाण्यापिण्याबाबत राक्षसालाही लाजवणारा उदेभान. सभासदाच्या बखरीत ही लढाई थोडक्यात आहे आणि घोरपडीचा पत्ता नाही. किल्ल्याला सिंहगड हे नाव तानाजी पडल्यावर मिळाले, ही समजूतही लढाईआधीच्या पत्रांपुढे टिकत नाही. इतिहासकारांनी हे सांगून सांगून घसा कोरडा केला, पण तुळशीदासापुढे कोणाची मात्रा चालली नाही. त्याच कथेवरून हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. बाबुराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, त्यात शेलारमामा झालेल्या व्ही. शांतारामांनी १९३३ मध्ये प्रभातसाठी स्वतः बोलपट केला. २०२० साली अजय देवगणचा ‘तान्हाजी’ देशभर चालला. या प्रवासात तुळशीदासाचे नाव कुठवर आले ते पाहा. गाण्यात होते तोवर काढता आले नाही. कथा गाण्यातून सुटून कादंबरीत गेली, आणि यमकाचा पहारा संपला.

तुळशीदास आणि अज्ञानदास आपल्याला छापील रूपात भेटतात ते शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अॅकवर्थ यांच्यामुळे. त्यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला. अॅकवर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी काढलेले रुग्णालय वडाळ्याला आजही त्यांच्या नावाने आहे. पोवाडे गोळा करून घ्यायला त्या माणसाला वेळ कुठून मिळाला असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

छापखाना आला आणि नावाचा अर्थच पालटला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा छापला. रायगडावरची महाराजांची समाधी शोधण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. पोवाड्यात त्यांनी शाहिरी रीतीने नाव घातले, पण त्याला जोडून आपण शूद्राचे पुत्र आहोत हेही बजावले. शाहीर गुरूचे नाव सांगतो त्या जागी फुल्यांनी समाजातली आपली जागा सांगितली. पुढच्या सुपारीशी याचा काही संबंध नव्हता. उलट असे नाव छापल्याने मिळणारी कामेही जाण्याची शक्यता जास्त.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले. ‘दीनबंधू’त त्यांचे लेख येत. १८८८ मध्ये त्यांनी अस्पृश्यतेवर सवालांचे ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. म्हणजे सवालजवाबाचीच रीत, फक्त समोर तुरेवाला नव्हता. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण सभासदांनी त्यांच्याबरोबर बसायचे नाकारले. नाव छापून आले होते, खुर्ची मिळाली होती, आणि शेजारची रिकामी पडली. त्याच मुलखात लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे वाढले. महाडच्या शाळेच्या दारात त्यांना जातीपायी अडवले गेले होते. पुढे १९२७ च्या मार्चमधल्या महाड परिषदेसाठी आणि चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी ते राबले, आणि नंतरचे आयुष्य त्यांनी कम्युनिस्ट चळवळीत आणि तिच्या पत्रकारितेत घालवले.

शिवभारत पुण्यात छापून निघाले तेही १९२७ सालच. योगायोगाला फार ताणू नये. पण महाडच्या वाङ्मयाचे त्या वर्षापासून दोन प्रवाह धरावे लागतात. चवदार तळ्याने गाणाऱ्यांना विषय दिला, आणि आंबेडकरी जलशांनी गण-गवळणीचा जुना साचा घेऊन त्यातला देव आणि गवळणी बाहेर काढल्या. दरवर्षी २० मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, महाडमध्ये जी गाणी वाजतात, त्यांत वामनदादा कर्डकांची असतात. ते सिन्नरकडच्या देशवंडीचे. मुंबईत पडेल ती मजुरी केली, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि नंतर आयुष्यभर गावोगाव गात फिरले. ती गाणी कित्येकांनी गायली, कॅसेटवर आणली, पैसे बहुतेक वेळा दुसऱ्यांनी कमावले. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ मात्र यमकात घट्ट बसलेला आहे. अज्ञानदासाची युक्ती विसाव्या शतकातही तितकीच चालली.

जाता जाता एक वेगळी सही. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महाड तालुक्यातल्या कोणाही माणसाच्या नावाच्या इतक्या प्रती निघाल्या नसतील, कारण ते नोटांवर होते. या माणसाने मेघदूत मराठी पद्यात आणले आणि संस्कृतात कविता लिहिल्या. नोटेवरची सही लाखोंच्या खिशात, आणि ज्यावर नाव असावे असे त्यांना मनातून वाटत असेल तो काव्यसंग्रह ग्रंथालयाच्या कपाटात. कलेवर पोट नसलेल्या कलावंताची ही बाजू कमी दुःखाची, पण अगदीच बिनदुःखाची म्हणता येत नाही.

आणि ज्यांना जागाच मिळाली नाही त्यांचे काय? शाहीर सुपारी घेऊन बाहेर पडला, त्याची बायको पहाटे जात्यावर बसून ओव्या रचत होती. ओवीत भाऊ येतो, रामसीता येतात, पंढरी येते. रचणारीचे नाव येत नाही. जात्यासमोर श्रोता नव्हता आणि पुढच्या वर्षीचे बोलावणेही नव्हते, मग पत्ता द्यायचा कोणाला? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवले. नावाला ओवीत जागा नव्हती म्हणून ती नोंदवहीत करून दिली. महाड-पोलादपूरच्या घाटाखालच्या जात्यांवरही ओव्या कमी झाल्या नसतील. जाती आता अंगणात उलटी पडली आहेत.

कोकणातला शाहीर दरम्यान चाकरमानी झाला. दिवसा गिरणीत किंवा कारखान्यात, सुट्टीत तालीम, आणि गावाच्या मंडळातर्फे मुंबईत बारी. परळच्या दामोदर नाट्यगृहाने कित्येक दशके नमन आणि शक्ती-तुरा पाहिला. शाहिराचे नाव आता हँडबिलावर आणि बॅनरवर फोटोसकट येऊ लागले. १९८२ च्या गिरणी संपाने यांतल्या अनेकांचा पगार गेला, काही गावी परतले. तरी बाऱ्या थांबल्या नाहीत, कारण त्या मुळातच पगाराच्या आधारावर चाललेल्या होत्या आणि पगार नसतानाही चालवायची सवय आधीच्या पिढ्यांनी लावून ठेवली होती. चिकाटी हा शब्द वापरायचाच तर इथे वापरावा. पण ती एकट्याची नव्हती. घरातल्या बाईने शेती सांभाळली, मंडळाने वर्गणी काढली, फंडातून ढोलकीचे चामडे बदलले गेले.

आता बारी मोबाईलवर येते. कोणीतरी तुकडा चित्रित करतो, मधलाच चढा सवाल कापून टाकतो, आणि शेवटचे कडवे त्यात नसतेच. यमकाने जे तीन-साडेतीनशे वर्षे सांभाळले ते बोटाच्या एका कापाने जाते. कायदा याच्या मदतीला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की रचनेचे हक्क विकून टाकले तरी ती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही तसाच हक्क दिला. वाडीवरून उठून या कलमासाठी कोर्टाची पायरी कोण चढेल, ते सोडा. निदान बलकाने दगडावर जे मागितले होते ते आज कायद्याच्या पुस्तकात आहे.

सरकार वृद्ध कलावंतांना मानधन देते. योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि २०२४ पासून रक्कम महिना ५,००० रुपये. अज्ञानदासाच्या घोड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, पण म्हातारपणी औषधपाण्याला ती उपयोगी पडते. अर्जासोबत कलेचे पुरावे जोडावे लागतात. प्रमाणपत्र, कात्रणे, कार्यक्रमाची हँडबिले. शाहिराचे काम भागते, त्याचे नाव मोठ्या टाइपात असते. त्याच्याशेजारी तितकीच वर्षे, तितक्याच रात्री बसलेला ढोलकीवाला आपली हँडबिले पिशवीतून काढतो, आणि त्या सगळ्यांवर तो ‘साथसंगत’ या एका शब्दात असतो.